राखेतील जन्म : अद्भुत साहित्यातील फिनिक्स आणि मराठीतील गोरक्षकथा

फिनिक्स हा पक्षी भारतीय पुराणांतील नव्हे. तरीही ‘फिनिक्सप्रमाणे राखेतून भरारी’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्यावाचून गौरवसमारंभातील भाषण क्वचितच पूर्ण होते. कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात हॅरी पॉटर वाचणारा विद्यार्थी आणि घरी ‘श्री नवनाथ भक्तिसारा’चे पारायण ऐकणारा विद्यार्थी एकच असू शकतो. या दोन्ही ग्रंथांत राखेतून जन्म आहे. परंतु त्या जन्मांचे स्वरूप भिन्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसने नोंदविलेल्या कथेत हा पक्षी दर पाचशे वर्षांनी मृत पित्याला गंधरसाच्या गोळ्यात घालून इजिप्तमधील सूर्यमंदिरात आणतो. तेथे अग्नी नाही, राखही नाही; त्या दोन्हींची भर उत्तरकालीन लेखकांनी घातली. ख्रिस्ती परंपरेने त्यास पुनरुत्थानाचे प्रतीक मानले आणि आधुनिक अद्भुत साहित्याने तेच रूप स्वीकारले.

जे. के. रोलिंग यांच्या 1998च्या दुसऱ्या खंडात फॉक्स हा फिनिक्स जळून पिलाच्या रूपाने राखेत प्रकटतो. 2003च्या पाचव्या खंडात तो डम्बलडोरवर सोडलेला प्राणघातक मंत्र स्वतः गिळतो व पुन्हा पिलू होतो. परंतु 2005च्या सहाव्या खंडात डम्बलडोर मरण पावतो, तेव्हा फॉक्स शोकगीत गाऊन निघून जातो. पक्ष्याचा नवजन्म माणसास लाभत नाही. मृत्यू टाळण्यासाठी आत्म्याचे तुकडे करणारा व्होल्डेमॉर्ट आणि जळणे स्वीकारणारा पक्षी हा विरोध या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आहे. येथे ‘पुनर्जन्म’ हा शब्द योजणे काहीसे दिशाभूल करणारे ठरते. कर्मसिद्धान्तातील पुनर्जन्मात देह बदलतो, स्मृती लोपते, कर्म तेवढे सोबत येते. फॉक्स मात्र तोच राहतो, त्याची निष्ठाही तीच. त्यामुळे ‘नवजन्म’ किंवा ‘कायापालट’ हे शब्द अधिक नेमके होत.

धुंडीसुत मालू यांनी शके 1741 मध्ये (इ. स. 1819) पूर्ण केलेल्या ‘भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ एका निपुत्रिक स्त्रीला मंतरलेले भस्म देतात. शेजारणींच्या बोलण्याने साशंक होऊन ती ते उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी नाथ परत येऊन चौकशी करतात, तेव्हा ती घडले ते सांगते. नाथ उकिरड्यापाशी हाक देतात, आतून उत्तर येते, शेणकेर उकरला जातो आणि बारा वर्षांचा गोरक्ष बाहेर येतो.

फिनिक्स एकटा जळतो व एकटाच उठतो. त्यास कोणाची गरज नाही. गोरक्ष उकिरड्यात वाढलेला असतो, परंतु हाक येईपर्यंत तो बाहेर येत नाही. अवर्षणाने खचलेल्या शेतकऱ्याला अथवा नापास झालेल्या विद्यार्थ्याला ‘फिनिक्स हो’ असे सांगताना उठण्याचा सारा भार त्याच्यावरच टाकला जातो. हाक देणाऱ्याचे कर्तव्य त्या प्रतिमेत कोठेच बसत नाही. गोरक्षकथेत ते कथानकाचाच भाग आहे. पुढे मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडतात, तेव्हा गोरक्ष तेथे जातो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक देतो.