शिफ्ट, लोकल आणि बुद्धिबळाचा पट

एडवणहून सफाळे, मग लोकलने केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. तारापूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करून बुद्धिबळाचा गंभीर अभ्यास करायचा, तर ‘रोज किती तास?’ हा प्रश्न कामाचा नाही. तास मिळतात, पण सगळे सारख्या कसाचे नसतात. कोणत्या तासाला कोणतं काम द्यायचं, ते ठरवावं लागतं.

लोकलमधली वेळ तुटक असते. तिथे मोबाइलवर कोडी सोडवावीत: दोन चालींत मात, घोड्याचा दुहेरी हल्ला. मात्र उत्तर शेवटपर्यंत मनात काढूनच बोट लावायचं. अंदाजपंचे दाबलं तर ती निव्वळ करमणूक. नाइट करून आल्यावर पटाकडे बघूच नये.

ताजं डोकं आठवड्यातून दोनदाच मिळालं तरी चालेल. ते हरलेल्या डावांना द्यावं. आधी संगणकाचं बुद्धिबळ-इंजिन बंद ठेवून वहीत लिहायचं: कुठे काय वाटलं, कोणती चाल विचारात घेतली, घड्याळात किती वेळ उरला होता. इंजिन त्यानंतर. चाल कुठे चुकली हे यंत्र सांगतं. ती का खेळलो, हे वहीतच सापडतं. काही डावांनंतर तीच तीच चूक दिसू लागते. कुणाला प्रतिस्पर्ध्याची धमकी दिसत नाही, तर कुणी घाईघाईने मारामारी करून हरता शेवट ओढवून घेतो. अभ्यास तिथून सुरू करावा. हत्ती-प्याद्यांच्या शेवटातल्या ल्युसेना आणि फिलिडोर या स्थिती एकदा पक्क्या झाल्या की जन्मभर पुरतात. ओपनिंगची पाठांतरं मात्र महिनाभर सोडली की विसरायला होतात. नोकरदाराने त्यात फार गुंतू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लांब डावाचा हिशोब वेगळा. प्रत्येकी 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद धरले, तर 60 चालींचा डाव चार तासांपर्यंत जाऊ शकतो. तो सुट्टीच्या दिवशीच. ज्यांचं घर यांत्रिक बोटीवर चालतं, त्यांना 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत जाळी-बोटींच्या डागडुजीतून असा वेळ काढता येतो. नवरात्रात एडवणच्या आशापुरी देवीच्या देवळात जायचं, तर पट खुशाल मिटावा.

नोकरी केली किंवा खंड पडला म्हणून सगळं बुडत नाही. मॅक्स यूवे हे गणिताचे शिक्षक. 1935मध्ये ते जगज्जेते झाले. बोटविनिक 1948मध्ये जगज्जेते झाल्यावर विद्युत अभियांत्रिकीतल्या डॉक्टरेटसाठी तीन वर्षं स्पर्धांपासून दूर राहिले. 1951मध्ये आव्हानवीर ब्रॉनस्टाइनशी लढत 12-12 अशी बरोबरीत सुटली आणि किताब त्यांच्याकडेच राहिला. 1981मध्ये आशियाई विजेत्या ठरलेल्या रोहिणी खाडिलकर पुढे वृत्तपत्राच्या संपादक झाल्या.

तेव्हा बुद्धिबळापायी व्हॉलीबॉल सोडू नका, भजनही सोडू नका. सोडायचंच असेल, तर रात्री अंथरुणात पडून खेळलेले तीन-तीन मिनिटांचे डाव सोडा. आणि पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी शिफ्टचा तक्ता एकदा समोर ठेवा.