पालटलेला रंग

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे दरवर्षी एक विलक्षण दृश्य दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले. पुण्यतिथीस नेमक्या त्याच वेळी अफाट जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. गर्दीलाही थांबता येते, याची ती साक्ष होय. मात्र घरी परतल्यावर हे थांबणे किती जणांच्या अंगी उरते?

हे दिवस कपाशीचे असतात. आज फिकट पिवळे उमललेले फूल उद्या गुलाबी होते. पहिल्या वेचणीपूर्वी दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करण्याची वऱ्हाडाची जुनी रीत आहे. हिशेबाआधी पिकापुढे क्षणभर उभे राहावे, हेच तिचे मर्म असावे.

यावर कोणी विचारील, कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्यास फुलाचे सौंदर्य दाखविणे ही थट्टा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. सौंदर्याने पडलेल्या भावाची भरपाई होत नाही. भावासाठी झगडावेच लागेल. परंतु फुलाचा पालटलेला रंग टिपणारी नजरच शेजाऱ्याच्या चेहऱ्याचा पालटलेला रंग ओळखते. ज्या गावात एकमेकांकडे निवांत पाहणे संपले, तेथे माणूस आतून खचल्याचे फार उशिरा कळते. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या या जिल्ह्यास हे निराळे सांगावयास नको.

गुरुकुंजातील ते मौन वर्षातून एकदाच येते. बांधावर आणि ओसरीवर मात्र ते रोज पाळता येईल.