मुक्या पाहुण्याला आग्रह

पंगतीत वाढप्याने जिलबीचा आग्रह केला, तर पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरतो. घरातल्या कुत्र्यामांजरांना ही सोय नाही. त्यांच्यापुढे टाकलेले बहुधा संपतेच, आणि 'अजून भूक आहे' असा त्याचा अर्थ लावून आपण पुन्हा वाढतो. पुण्यात तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या वाटेवर सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना धापा टाकीत मध्येच बसकण मारणारी स्थूल कुत्री दिसतात. पाहणारे कौतुकाने म्हणतात, 'चांगला पोसलाय!' हे कौतुक एकदा तपासून पाहावयास हवे.

अन्न घालणे म्हणजे माया करणे, हा आपला जुना संस्कार. गोग्रास आणि काकबळी त्यातूनच आले. त्यात गैर काही नाही. परंतु परिस्थिती पालटली आहे. पेठेतल्या वाड्यातले मांजर दूधभात खाई, तसे माळ्यावरच्या उंदरांमागे धावे आणि कौलांवरून हिंडे. वाडे जाऊन सदनिका आल्या. दूधभात राहिला, हिंडणे मात्र गेले.

साधा हिशेब पाहा. 10 किलो वजनाच्या, फारसे न धावणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 500 ते 600 उष्मांक पुरतात. ग्लुकोज बिस्किटांच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 450 उष्मांक असतात. म्हणजे चहाच्या वेळी प्रेमाने दिलेली पाच-सहा बिस्किटे त्याच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापतात. शिवाय आजोबा पोळीचा तुकडा देतात, मुले चीज देतात, आणि कोणी किती दिले हे कोणालाच ठाऊक नसते.

याची किंमत जनावर भरते. सांधे झिजतात, दम लागतो, एप्रिल-मेचा उन्हाळा असह्य होतो. मांजरांना मधुमेह जडतो. अमेरिकेत 48 लॅब्रॉडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या पिलांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न देण्यात आले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 13 वर्षे भरले, तर दुसऱ्यांचे 11.2. जेमतेम बारा-तेरा वर्षे जगणाऱ्या सोबत्याची पावणेदोन वर्षे आपल्या मायेपायी जावीत, ही साधी गोष्ट नव्हे.

'आमच्या कुत्र्याची जातच तशी,' असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये सुमारे पाव हिस्सा लॅब्रॉडॉरांत भूक वाढविणारा एक जनुकीय दोष आढळला. तथापि, ज्याची भूक भागत नाही त्याच्या खाण्याला आवर घालण्याची जबाबदारी धन्यावर अधिकच पडते. नसबंदीनंतरही अन्नाची गरज घटते. ताटली मात्र पूर्वीइतकीच भरली जाते.

उपाय खर्चाचे नाहीत. बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. दिवसाचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे आणि घरातल्या प्रत्येकाने त्यातूनच द्यावे. खाऊचा वाटा एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा. फिरणे हळूहळू वाढवावे. मांजराला मात्र एकाएकी उपाशी ठेवू नये. लठ्ठ मांजराने खाणे सोडले, तर यकृतात चरबी साठून ते काही दिवसांत दगावू शकते. त्याचे वजन पशुवैद्याच्या सल्ल्याने, आठवड्याला शंभरात एक भाग अशा बेतानेच उतरवावे.

ताटलीपाशी बसून आपल्याकडे पाहणारे ते डोळे नेहमीच अन्न मागत असतात असे नाही. पुष्कळदा त्यांना सोबत हवी असते. पण नोकरी-संसाराच्या धावपळीत वेळ देण्यापेक्षा बिस्किट देणे आपल्याला सोपे जाते. पानावर आडवा हात धरणे त्या मुक्या जिवाला जमत नाही. त्याच्या वतीने तो आपणच धरावयास हवा.