टेबलाच्या कडेला उभा असलेला माणूस

ऑपरेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो टेबलावरचा पेशंट. आज आपण त्याच्याशेजारी तीन-चार तास उभ्या असलेल्या सर्जनच्या शरीराकडे पाहू.

पाण्याने भरलेली लिटरची बाटली हातात घेऊन हात समोर सरळ धरा. वजन फार नाही, तरी थोड्याच वेळात खांदा भरून येतो. तीच बाटली खाली-वर करत राहिलो तर जास्त वेळ जमतं. असं का? स्नायू आवळतो आणि सैल होतो, तेव्हा त्यात रक्त खेळतं राहतं. तो एकसारखा आवळून धरला की आतल्या रक्तवाहिन्या दबतात आणि प्राणवायू कमी पोचतो. सर्जनचं बरंचसं काम असं धरून ठेवण्याचं असतं.

आता मान बघू. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिताने दाखवलं, की मान ३० अंश वाकली तर तिच्यावर सुमारे १८ किलोचा भार येतो. चर्चा झाली ती मोबाइलची. पण जखमेत वाकून पाहणारी मानही तशीच.

मग दुर्बिणीच्या ऑपरेशनने त्रास संपला का? १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ इथे फिलीप मूरे यांनी कॅमेऱ्याच्या मदतीने पित्ताशय काढलं, आणि पुढे ही पद्धत जगभर गेली. पेशंटला छोटी छिद्रं, लवकर घरी. सर्जनच्या वाट्याला मात्र लांब उपकरणं, उचललेले खांदे, मुरडलेलं मनगट. पडदा बाजूला असला तर मानही सतत वळलेली. शिवाय मुठी बहुधा एकाच मापाच्या. लहान हातांना जास्त जोर लावावा लागतो.

उपाय साधे आहेत. टेबल सर्जनच्या उंचीप्रमाणे लावायचं, पडदा समोर, नजरेच्या किंचित खाली. आणि थांबायचं. २०१७ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्जन दर २० ते ४० मिनिटांनी दीड-दोन मिनिटं थांबून जागच्या जागी मान-खांदे मोकळे करत. त्यांचं दुखणं कमी झालं. ऑपरेशनचा वेळ मात्र वाढला नाही.

आपल्याकडे एमबीबीएसची साडेपाच आणि एमएसची तीन वर्षं गेल्यावर एक सर्जन तयार होतो. तो मानेपायी लवकर थांबला, तर नुकसान त्याच्या एकट्याचं नसतं. रांगेतल्या पेशंटचंही असतं.