पायदुखीची गोळी घेण्याआधी

कार्तिकी एकादशीपासून भरणाऱ्या साजगावच्या यात्रेत घरातील वडीलधारी मंडळीही बोंबल्या विठोबाच्या दर्शनासाठी आणि सुक्या मासळीच्या खरेदीसाठी दिवसभर पायी हिंडतात. रात्री पोटऱ्या दुखू लागल्या की वेदनाशामक गोळीकडे हात जातो. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन चालू असल्यास आपण क्षणभर थांबावे.

या औषधांसोबत पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सहसा चालते. प्रौढांनी दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा विकार किंवा मद्यपान असल्यास मर्यादा त्याहूनही कमी. अंगदुखीच्या अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, म्हणून वेष्टन वाचावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचे कोलेस्टेरॉलच्या औषधाशी थेट वैर फारसे नाही. मात्र हृदयविकार, उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना त्या अपायकारक ठरू शकतात. सोबत अॅस्पिरिन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

महत्त्वाची गोष्ट अशी, की क्वचित हे दुखणे कोलेस्टेरॉलच्या औषधामुळेच उद्भवते. चालण्याचा शीण दोन-चार दिवसांत उतरतो. दोन्ही मांड्या वा खांदे विनाकारण दुखत राहिले, तर वेदनाशामकाने ते दडपू नका, डॉक्टरांना सांगा. रक्ताच्या सीके तपासणीने स्नायूंची इजा कळते. अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सौम्य दुखण्यासाठी मात्र औषध परस्पर बंद करू नका. हृदयाचे रक्षण तेच करीत असते.