प्रवासातही रियाजाचा नेम

मांजरी बुद्रुकच्या स्थानकावरून जाणारी पुणे–सोलापूर लोहमार्गाची वाट आपल्या व्यापारी घरांना परिचयाची आहे. मुलगा दुकानात बसू लागला, खरेदी-वसुलीसाठी बाहेरगावी जाऊ लागला, की हौसेने घेतलेली त्याची गिटार हळूहळू कपाटावर जाते. आवड संपलेली नसते. नेम तुटलेला असतो.

विद्युत गिटार खांद्यावरच्या पिशवीत नेता येते. अडचण असते ती जड अँप्लिफायरची. ही अडचण तळहाताएवढे इफेक्ट युनिट दूर करते. बहुतेक विद्युत गिटारींचा देह भरीव लाकडाचा असल्याने नुसत्या तारांचा आवाज क्षीण असतो. तारांखालील पिकअप, म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, कंपनांचे विद्युतसंकेतात रूपांतर करतो. युनिट हा संकेत वाढवते, त्यात प्रतिध्वनी किंवा धार मिसळते आणि थेट हेडफोनकडे पाठवते. त्यामुळे अतिथिगृहात रात्री उशिरा वाजवले तरी शेजारच्या खोलीतील प्रवाशाची झोपमोड होत नाही.

ही कल्पना नवी नाही. ‘बोस्टन’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे गिटारवादक आणि अभियंता टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये कमरेला अडकवता येणारे ‘रॉकमन’ बाजारात आणले. त्याआधी, १९७९ मध्ये, बंगळुरूचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला. परंपरा निराळ्या, पण मोठ्या साधनावाचून रियाज अडू नये, ही गरज एकच.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. प्रतिध्वनी चुका झाकतो. म्हणून निम्मा वेळ तरी कोणताही इफेक्ट न लावता, मेट्रोनोमच्या लयीवर वाजवावे. दुसरे पथ्य कानांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. आवाज वाढला की ही मर्यादा झपाट्याने कमी होते.

रोजची वीस मिनिटे फार नाहीत. दिवसाचा हिशेब लिहिल्याखेरीज आपण निजत नाही. तोच नेम मुलाच्या गिटारलाही लाभावा. पुढच्या दौऱ्याची बॅग भरताना वडीलधाऱ्यांनीच ते छोटे युनिट आठवणीने आत ठेवले, तर मुलाला वेगळे प्रोत्साहन द्यावे लागणार नाही.