गोटी, काडेपेटी आणि भाताचें पोतें

पनवेलच्या एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. एकदां सातवीच्या वर्गाला मी ‘कार्य’ शिकवीत होतों. बल लावल्यानें वस्तु त्या दिशेनें सरकली तरच कार्य झालें, अशी व्याख्या फळ्यावर लिहून मीं उदाहरण दिलें: ‘डोक्यावर पोतें घेऊन नुसता उभा असलेला हमाल शास्त्राच्या दृष्टीनें कांहींच कार्य करीत नाहीं.’

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील बाजारपेठेंत हमाली करीत. त्यानें विचारलें, ‘मग गुरुजी, त्यांना घाम कां येतो?’ ‘अरे, आधीं व्याख्या पाठ कर,’ असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. तो बसला, पण पुढें वर्षभर त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं.

वस्तुतः त्याचा प्रश्न अगदीं शास्त्रीय होता. ओझें धरून उभ्या राहिलेल्या माणसाचे स्नायुतंतु सारखे आकुंचन पावत असतात. त्यांत अन्नांतून मिळालेली ऊर्जा खर्ची पडते व तिची उष्णता होते; म्हणून घाम येतो. पोत्याला मात्र त्या ऊर्जेचा अंशही मिळत नाहीं. शास्त्रांतलें ‘कार्य’ आणि व्यवहारांतलें ‘काम’ यांतला हा भेद मीं सांगावयास हवा होता. मीं मुलाला शब्द दिला, त्यामागची वस्तु दिली नाहीं.

आमच्या उपकरणांचें कपाट तपासणीच्या दिवशींच उघडत असे. त्या प्रसंगानंतर मीं त्याची वाट पाहणें सोडलें. पुठ्ठा दुमडून एक लांब पन्हळ केली. तिचें एक टोंक पुस्तकांच्या चळतीवर व दुसरें गुळगुळीत फरशीवर टेकविलें. पायथ्याशीं रिकामी काडेपेटी अर्धी उघडून, उघडी बाजू पन्हळीकडे करून ठेवली. वरून कांचेची गोटी सोडली कीं ती पेटींत शिरते आणि पेटीला पुढें ढकलीत नेते. पेटी कोठें थांबली तें मुलांनीं खडूनें आंखावें व पट्टीनें मोजावें. गोटी १० सेंटिमीटर उंचीवरून सोडल्यास पेटी जितकी सरकते, त्याच्या सुमारें दुप्पट ती २० सेंटिमीटर उंचीवरून व चौपट ४० सेंटिमीटर उंचीवरून सरकते. आंकडे तंतोतंत जुळत नाहींत; प्रत्येक उंचीवरून पांच वेळां गोटी सोडून सरासरी काढावी.

आतां गति पाहूं. तीच पन्हळ टेबलावर ठेवावी आणि खालीं जमिनीवर राखेचा पातळ थर पसरावा. टेबलाच्या कडेवरून सुटलेली गोटी राखेंत खूण करते. टेबलाची उंची तीच असल्यामुळें जमिनीवर पडण्यास तिला प्रत्येक वेळीं सारखाच वेळ लागतो. तेव्हां ती जितकी दूर पडेल तितकी तिची गति अधिक. पन्हळीवरील उंची चौपट केली तर गोटी दुप्पट दूर पडते. म्हणजे गति दुप्पट, आणि पेटीचें सरकणें मात्र चौपट! गतिज ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम मुलांना राखेंत आणि खडूच्या रेघांत सांपडतो.

याचें महत्त्व परीक्षेपुरतें नाहीं. आमच्या कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग २००२ सालीं पूर्णपणें खुला झाला. ताशीं ४० किलोमीटर वेगाच्या मोटारीला ब्रेक दाबल्यावर थांबण्यास जें अंतर लागतें, त्याच्या सुमारें चौपट ताशीं ८० च्या वेगाला लागतें. काडेपेटी मोजलेला मुलगा उद्यां मोटार हांकतांना हें विसरणार नाहीं.

आणि तो हमाल? ५० किलोचें भाताचें पोतें तो १.२ मीटर उंच उचलून ट्रकमध्यें ठेवतो, तेव्हां तो पोत्यावर सुमारें ५९० जूल कार्य करतो. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास सुमारें ४,२०० जूल लागतात. म्हणजे सात पोतीं चढविण्याइतकें कार्य! आमच्याच जिल्ह्यांत, खोपोलीस, १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घांटाखालीं आणून तयार केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. तेथील पाण्याची उतरण सुमारें ५०० मीटर धरली, तर एका लिटरमागें ४,९०० जूल होतात. तेवढ्यांत तें पोतें दहा मीटर उंच जाईल. गोटी, पोतें आणि घांटावरचें पाणी यांचा हिशेब एकाच वहींत मांडतां येतो.

तेव्हां श्रोतेहो, येत्या रविवारीं घरीं एक पन्हळ करून पाहा. मुलांना आधीं मोजूं द्या, व्याख्या मागाहून सांगा. आणि एखाद्या मुलानें ‘मग घाम कां येतो?’ असें विचारलें, तर त्याला खालीं बसवूं नका. मीं एकदां बसविलें आहे.